पोरीच्या नावावर

"बुकिंग कुणाच्या नावावर हाय?" गेटवरच्या माणसानं विचारलं आणि मी पटकन म्हणाले, "कैलासच्या."

बोलून बसले आणि मग लक्षात आलं, की हे उत्तर काही बरोबर नाही. बंगला शनिवार-रविवारी भाड्यानं जातो, त्या दिवशी मंगळवार होता, बुकिंग कुणाचंच नव्हतं. कैलास माझा धाकटा भाऊ. त्यानंच मला बोलावलं होतं. आणि ज्या बंगल्याच्या गेटवर मी उभी होते तो बंगला कैलासच्या नाही, माझ्या नावावर होता. निदान त्या दिवशी दुपारपर्यंत तरी असणार होता. माणूस नवा होता, त्याचा काही दोष नाही. त्यानं माझ्या चपलांकडे पाहिलं, खांद्यावरच्या कापडी पिशवीकडे पाहिलं, आणि कामाला येणाऱ्या बायकांनी मागच्या बाजूनं यायचं असतं, असं अगदी समजुतीनं सांगितलं. मी मागच्या बाजूनं गेले. कैलासला फोन लावता आला असता, माणसाला दोन शब्द सुनावता आले असते, पण ते सगळं करायला आधी राग यावा लागतो. मी चालता चालता थोडा वेळ वाट पाहिली. राग आला नाही. कुंपणाशी कर्दळी लावल्या होत्या, त्यांना नुकतंच पाणी घातलेलं होतं, माझ्या साडीचा काठ भिजला, तेवढंच जाणवलं.

मागच्या दाराशी शालन भांडी विसळत होती. शालन औंढ्याची, म्हणजे माझ्या माहेरची. शाळेत आम्ही एका वर्गात होतो, आता ती बरीच वर्षं बंगल्यावर स्वयंपाकाला आणि साफसफाईला आहे. "मालकीणबाई मागच्या दारानं?" ती म्हणाली. ही तिची जुनी थट्टा. लोणावळ्याचा बंगला सवीच्या, म्हणजे माझ्या, नावावर आहे आणि त्याची किल्ली कुठल्या खिळ्याला टांगतात हे सवीला माहीत नाही, हे औंढ्यात सगळ्यांना ठाऊक आहे. मी म्हणाले, "आज सोडते मालकी. ओंकारच्या नावावर करायचाय." ओंकार म्हणजे कैलासचा मुलगा. शालनचा हात थांबला नाही. "सरकारला भरावं लागत आसंल की लय," ती म्हणाली. "आमच्या पोरानं वराळ्याला खोली घेतली, तवा नुसत्या मुद्रांकाला माझं कानातलं गेलं. खोली केवढी, तर हितली न्हाणी मोठी आसंल." मी म्हणाले, कैलासनं काहीतरी बघितलंय. "बघितलंच आसंल," ती म्हणाली आणि पातेलं उपडं घातलं. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तरी मला लागला असता असं नाही.

मी एकोणीस वर्षांची असताना पहिली सही केली. तोपर्यंत मी सही फक्त परीक्षेच्या पेपरावर करत असे. त्या वर्षी आबांनी औंढ्याचा वरचा माळ बंगल्यांची स्कीम करणाऱ्या एका शेटला विकला होता. आबा, म्हणजे माझे वडील, बाजीराव. माळावर गवताशिवाय काही उगवत नव्हतं, आजोबा त्याला शिव्या देत देत मेले, आणि त्याच माळानं आम्हाला एका उन्हाळ्यात श्रीमंत केलं. घरात पैसा आला की त्याच्या मागोमाग सल्ले देणारी माणसं येतात. तळेगावचे एक वकील यायला लागले. सगळं एकाच्या नावावर ठेवाल तर सरकार ओरबाडून नेईल, चार नावांवर विखरा, असं ते आबांना सांगत. मग काही माझ्या आईच्या, मुक्ताबाईच्या नावावर गेलं, काही कैलासच्या, आणि लोणावळ्याचा प्लॉट माझ्या. वकिलांनी कागदांवर जिथं जिथं सही हवी तिथं पेन्सिलीनं बारीक फुल्या मारून ठेवल्या होत्या. मी फुल्यांवर सह्या केल्या. आबा समोर पानाला चुना लावत बसले होते, आणि एवढी कामाची माणसं माझ्या सहीसाठी खोळंबली आहेत, याचा मला फार अभिमान वाटला. तो मला अजून आठवतो, कारण त्यात खोटं काही नव्हतं. संध्याकाळी आबा कुणाला तरी ओट्यावर सांगत होते, ते मी आतून ऐकलं. "पोराच्या नावावर ठिवलं तर पोरगं इकून खाईल. बायकोच्या नावावर ठिवलं तर तिचं भाऊ येऊन बसत्याल. पोरीच्या नावावर ठिवलं की कुनी इचारत न्हाई. पोरगीबी इचारत न्हाई." ही माझी स्तुती आहे असं मी धरून चालले. खरं म्हणजे ती स्तुतीच होती. आबांनी माझ्याबद्दल त्याहून चांगलं कधी काही म्हटलेलं मला आठवत नाही.

लग्न ठरवताना त्यांनी तोच प्लॉट पुन्हा एकदा वापरला. सुदुंबऱ्याची मंडळी बघायला आली तेव्हा आबा सहज बोलल्यासारखं बोलून गेले, की पोरीच्या नावावर लोणावळ्याला जागा आहे. देणार असं म्हणाले नाहीत, आहे असं म्हणाले. सासूबाईंनी ते शब्द कानात साठवले. पहिली तीन-चार वर्षं त्या अधूनमधून विचारत, "सविता, त्या लोनावळ्याचं काय झालं गं?" जणू एखादं दुखणं आहे आणि ते बरं झालं का ते विचारायचं आहे. मी म्हणे, आबांनाच ठाऊक. मग त्यांनी विचारणं सोडलं. माझ्या नवऱ्यानं, निवृत्तीनं, कधीच विचारलं नाही. तो कंपनीत मशिनवर आहे, आम्ही वराळ्याला दोन खोल्यांत राहतो, आणि त्याचा टॅक्स पगारातून कापूनच येतो. एकदाच, मोरीत पाय धुता धुता, तो म्हणाला होता, "आपला कापून येतो, म्हणून आपल्याला कळतच नाही सरकार कुठं राहतं. तुझ्या आबांना बरोब्बर पत्ता माहितीये, म्हणून ते त्या रस्त्यानं जातच नाहीत." असं म्हणून तो स्वतःच हसला आणि टॉवेल मागितला. निवृत्ती कडवट माणूस नाही. कडवट असता तर मला बरं पडलं असतं, माझ्या वाटचं तोच बोलला असता.

मी स्वतः गुलाबांत काम करते. वराळ्याच्या पुढं पॉलीहाऊसं आहेत, तिथं फुलं निवडायची, लांबीप्रमाणे लावायची, जुड्या बांधायच्या आणि थंड खोलीत ठेवायच्या. थंड खोलीत थोडा वेळ गेलं की बोटं आपली राहत नाहीत. काटा घुसला तर घरी आल्यावर दिसतो. पहिल्या वर्षी मी याची तक्रार करत होते, नंतर त्याचं काही वाटेनासं झालं. तर दर वर्षी जुलैत कैलासचा ड्रायव्हर आमच्याकडे इन्कम टॅक्सची फाइल घेऊन यायचा. मी ओट्यावर पोळपाट सरकवून फुल्यांवर सह्या करायची, तो चहा प्यायचा आणि जायचा. कागदावर मी लोणावळ्याच्या बंगल्याचं भाडं खाणारी बाई होते. प्लॉटवर बंगला कधी उभा राहिला, त्यात पोहण्याचा हौद कधी झाला, शनिवार-रविवारी मुंबईची माणसं तिथं येऊन राहायला कधी लागली, ते मला लोकांकडून कळत गेलं. माझ्या नावाचं एक खातं होतं, त्याचं कार्ड कैलासकडे होतं. बंगल्याची घरपट्टी माझ्या नावानं यायची आणि भरली जायची. ती दुसरी सविता मला दूरच्या नात्यातल्या बाईसारखी वाटायची. सुखवस्तू, लोणावळ्याला असते, पण येणंजाणं नाही.

त्या बाईची आणि माझी गाठ एकदाच पडली, वडगावला, मामलेदार कचेरीत. माझी मुलगी इंजिनियरिंगला लागली होती. आईच्या नावावरून तिचं नाव मी मुक्ता ठेवलं आहे. फी अर्धी माफ होते असं कळलं, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला हवा होता. खिडकीतल्या माणसानं निवृत्तीचे कागद बघितले, माझं पॅनकार्ड मागितलं, ते मी कैलासकडून मागवून दोन दिवसांनी दिलं. मग त्यानं कॉम्प्युटरवर काहीतरी पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, तुमचं उत्पन्न यात बसत नाही," तो म्हणाला. मॅडम म्हणाला. मुक्ता माझ्या शेजारी उभी होती. ती हुशार आहे, तिनं काही विचारलं नाही, बाहेर आल्यावर उसाचा रस पिऊ का म्हणाली. मग आम्ही कर्ज काढलं. कैलासला मी हे सांगितलं तेव्हा तो खरोखर हळहळला, "आगं अक्का, आधी सांगायचं, काईतरी केलं आसतं," म्हणाला आणि मुक्ताला नवा मोबाईल घेऊन दिला. मुक्तानं तो घेतला. मी घेऊ नको म्हणाले नाही. आता तिचं शेवटचं वर्ष आहे. रात्री ती त्या मोबाईलवर अभ्यास करते आणि अधूनमधून, मी झोपले असं समजून, बँकेच्या कर्जाचे आकडे काढून बघते.

मागच्या दारानं मी हॉलमध्ये आले तेव्हा आबा सोफ्यावर मांडी घालून बसले होते. एवढ्या मोठ्या सोफ्यावर ते कडेला बसले होते, एसटीत बसल्यासारखे. "आलीस व्हय? बस," ते म्हणाले. आबा आता थकले आहेत, पण डोकं साफ आहे. कैलास फोनवर होता. त्याची बायको अनिता आतून पाणी घेऊन आली आणि ओंकारनं वाकून नमस्कार केला. ओंकार चांगला मुलगा आहे. त्याच्याबद्दल मला वाईट काही सांगता येणार नाही, आणि हीच एक अडचण आहे. सोनोग्राफीवाला डॉक्टर बोलतो तसा तो हळू आणि नीट बोलतो. "आत्या, तुम्ही इथं कधीही या. मुक्ताला आणा, काकांना आणा. बंगला तुमचाच आहे," तो म्हणाला. "फक्त दोन दिवस आधी मला मेसेज टाका, म्हणजे मी ती तारीख ब्लॉक करतो." हे त्यानं मनापासून सांगितलं. मी बरं म्हणाले.

कैलासनं फोन ठेवला आणि सगळं पुन्हा एकदा समजावून सांगितलं, खरं तर मला नाही, आबांना. बाप मेल्यावर पोराला जे मिळतं त्यावर कर लावायचा, अशी टीव्हीवर चर्चा चालू आहे. अजून काही झालेलं नाही, होईलच असंही नाही, पण झाल्यावर धावण्यात अर्थ नाही. त्या आधी सगळं खालच्या पिढीच्या नावावर करून मोकळं व्हायचं. औंढ्याची शेती तो ओंकारला देऊन आला होता, दोनशे रुपयांच्या मुद्रांकावर. बापानं पोराला दिलं की दोनशे रुपये. "ह्या बंगल्याचंच जरा नडतंय," कैलास म्हणाला, "आत्यानं भाच्याला द्यायचं म्हनलं की टक्क्यानं भरावं लागतं. पन भरू. एकदाच भरायचं." आबा मध्येच म्हणाले, "पयले व्हता आसा कर. मग बंद झाला. आता पुन्ना कशाला पायजे त्यान्ला? माज्या बानं सारा भरला, म्या भरला. रस्त्याला जमीन गेली तवा मला कुनी इचारलं न्हाई. रक्तानं रक्ताला द्यायचं, त्यात सरकारनं मधी हात का घालावा?" आबा हे बोलतात तेव्हा त्यांचं पटतं. त्यांनी खरोखर कष्ट केले आहेत. त्यांच्या पायाच्या टाचा मी लहानपणी पाहिल्या आहेत, त्या भेगांत मेण भरताना ते ओठ दाबून धरायचे. मी त्या टाचांकडे पाहत होते आणि माझ्या मनात उगाचच आलं, की रक्तानं रक्ताला म्हणताना आबांच्या डोळ्यासमोर मी नाही. मी रक्त म्हणून बसलेली नव्हते. ज्या भांड्यात ते काही काळ काढून ठेवलं होतं, ते भांडं म्हणून बसले होते. हा विचार आला आणि गेला. मी पाणी प्यायले.

जेवण झाल्यावर अनितानं मला पाटावर बसवलं. आमच्याकडे बहीण हक्क सोडते तेव्हा तिला साडीचोळी करतात. ही हक्क सोडण्याची गोष्ट नाही, हे बक्षीसपत्र, वेगळा कागद आहे, पण अनिताला त्यातला फरक माहीत नव्हता, आणि रीत म्हणून तिनं सगळं आणलं होतं. हळदीकुंकू लावलं, ओटीत तांदूळ, नारळ, हळकुंडं घातली, मोरपंखी रंगाची साडी हातात दिली. साडी भारी होती, तिनं स्वतः निवडली होती. "वन्सं, रंग आवडला का?" तिनं विचारलं. "पुन्याहून आनलीय." मी आवडला म्हणाले. शालन दारात उभी राहून बघत होती. तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, ती फक्त ताटं उचलायची वाट बघत होती. पूर्वी आईनं ओटी भरली की माझ्या डोळ्यांना पाणी यायचं, अगदी ठरल्यासारखं, आणि आई म्हणायची, काय रडतीस, उद्या पुन्हा येशील. आई गेली त्याला सहा वर्षं झाली. तिच्या नावावर जे होतं ते तिच्या हयातीतच कैलासच्या नावावर झालं होतं, म्हणजे ती गेली तेव्हा तिचं असं काही राहिलंच नव्हतं. मी डोळ्यांना पाणी येतंय का ते पाहिलं. ओटीतले तांदूळ थंड लागत होते.

दुपारी दस्त नोंदणीच्या कचेरीत फार गर्दी नव्हती. वकिलांचा माणूस दस्त घेऊन पुढं गेला, आम्ही बाकावर बसलो. आबा एका टोकाला, मी त्यांच्या शेजारी, ओटीची पिशवी मांडीवर घेऊन. टेबलावरच्या मुलीनं नावं वाचली. देणार, घेणार, नातं. मग तिनं तोंडानं हिशेब केला आणि मुद्रांकाचा आकडा सांगितला. कैलासनं तोंड वाकडं केलं. ती मुलगी हसून म्हणाली, "काय करणार साहेब, भाचा आहे ना. मॅडमना मुलगी असती आणि तिला देत असत्या, तर दोनशे रुपयांत झालं असतं." ती सहज बोलली. अशी वाक्यं ती रोज वीस जणांना सांगत असेल. कैलासही हसला. वकिलांचा माणूस हसला. मीसुद्धा हसले असेन. मॅडमना मुलगी आहे. ती या वेळी कॉलेजात असते, डब्यात भेंडी दिली होती. माझ्या डोक्यात एवढंच होतं, भेंडी आणि दोनशे रुपये, दुसरं काही येतच नव्हतं. इतक्या वर्षांत बंगला मुक्ताला देता येतो, असा विचार मी कधी मनात येऊ न देता दूर ठेवला होता असं नाही. तो आलाच नव्हता. कुणाच्या घरात राहायला येणारं माणूस घराच्या भिंती विकायचा विचार करत नाही, तसं.

मग फोटो झाला. मग अंगठा. यंत्रावर माझा अंगठा उमटेना. मुलीनं फडक्यानं पुसायला सांगितला, मी पुसला. पुन्हा नाही. "काम काय करता?" तिनं विचारलं. गुलाबांत, मी म्हणाले. तिनं दस्ताकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुढं काही विचारलं नाही. "असं होतं, रेषा झिजतात," म्हणाली. "जरा दाबून ठेवा." मी दाबला. नाही उमटला. कैलासला घाई होती, त्याला चारला पुण्याला पोचायचं होतं. तो वाकला, त्यानं माझा अंगठा आपल्या दोन बोटांत धरला आणि यंत्रावर दाबला. जोरात नाही. लहानपणी मी त्याचं बोट धरून पाटीवर अक्षर गिरवून घेत असे, तसाच. मी त्याच्या बोटांखालच्या माझ्या अंगठ्याकडे पाहत होते. नख पांढरं पडलं होतं. मला काही लागत नव्हतं. तो अंगठा कुणाचाही असता तरी चाललं असतं, एवढंच मला दिसत होतं, आणि हे फार वर्षांपासून असंच आहे, हेही. यंत्र वाजलं. "आला," मुलगी म्हणाली.

शेवटी साहेबांसमोर उभं राहायचं असतं. साहेब तरुण होते, त्यांना सर्दी झाली होती. त्यांनी पानं उलटली, रुमाल नाकाला लावला. "सविताबाई, हा बंगला तुम्ही तुमच्या भाच्याला बक्षीस देताय. दस्त वाचलाय ना? स्वखुशीनं देताय?" हा प्रश्न त्यांना विचारावाच लागतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नव्हतं, सहीसाठी पेन उचललं होतं. पण मला तो प्रश्न ऐकू आला. एकोणिसाव्या वर्षापासून मी इतक्या सह्या केल्या, त्यात मला कुणी काही विचारलं, असं हे पहिल्यांदाच होत होतं.

"नाही," मी म्हणाले.

अशा वेळी छातीत धडधडतं, घशाला कोरड पडते, असं मी समजत होते. तसं काही झालं नाही. फुलांची जुडी मोजून बाजूला ठेवताना मी जशी बोलते तशी बोलले. साहेबांनी मान वर केली. "म्हणजे वाचला नाही?"

"वाचलाय. बंगला द्यायचा नाही."

"अक्का, काय बोलतीयेस?" कैलास म्हणाला. "साहेब, तिला समजलं न्हाई, मी सांगतो तिला."

"समजलंय," मी म्हणाले. "माझी मुलगी आहे. तिला ठेवायचाय."

ओंकारनं माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली. लाजला तो. वकिलांचा माणूस साहेबांच्या टेबलावर वाकून हलक्या आवाजात काहीतरी बोलू लागला, पण साहेबांनी दस्त मिटला होता. "बाई नाही म्हणतायत. मला नोंदवता येणार नाही. तुम्ही घरी बोलून घ्या," ते म्हणाले, शिंकले, आणि पुढचा नंबर कुणाचा ते विचारलं. आमच्या मागं एक जोडपं फ्लॅटचा करार घेऊन उभं होतं, ते पुढं सरकलं.

बाहेर कैलास पुष्कळ बोलला. तो ओरडला नाही, उलट त्याचा आवाज खाली गेला होता. तो म्हणाला, तुझं लग्न कुणी केलं, बाळंतपण कुणी केलं, आईच्या आजारपणात हॉस्पिटलात कोण बसलं. सगळं खरं होतं. त्यानं हेही विचारलं, की हा बंगला तुझा आहे असं तुला एक दिवस तरी वाटलं का, देवाशपथ सांग. मी म्हणाले, नाही वाटलं. हेही खरं होतं. वडगावच्या खिडकीबद्दल सांगावं असं मनात आलं, पण ते त्याला ठाऊक होतंच.

आबा बाकावरून उठून सावकाश बाहेर आले. त्यांनी कैलासला हातानं गप्प केलं आणि माझ्यासमोर उभे राहिले. मग म्हणाले, "मंग आता घरपट्टी तू भरायची. अन इन्कम टॅक्सबी. कैलास एक रुपाया भरनार न्हाई."

"भरते," मी म्हणाले.

"कशातनं भरशील?"

"बंगल्याच्या भाड्यातनं."

आबा माझ्याकडे पाहत राहिले. बाजारात समोरचा माणूस किंमत बोलला की ते असे बघतात, हे मी लहानपणी पाहिलेलं आहे. मुलीकडे बघतानाचे त्यांचे डोळे वेगळे होते, ते त्यांनी काढून ठेवले होते. "व्हय," ते म्हणाले. "तसंच भरत्यात."

ओंकारनं गाडीचं दार उघडलं, त्यांना पुढच्या सीटवर बसवलं. ओटीची पिशवी माझ्याच हातात होती. ती परत द्यावी का ठेवावी ते मला कळेना, कुणी मागितली नाही. कैलासनं गाडी चालू केली. मग काच खाली झाली आणि आबांनी विचारलं, "घरला कशी जाशील?"

"जाईन रिक्षानं. स्टँडापर्यंत."

त्यांनी मान हलवली. "काच वर घे," ते कैलासला म्हणाले.

गाडी गेली. मी रस्त्याच्या कडेला उभी होते. भीती वाटत होती, चांगलीच वाटत होती. भाड्याचा व्यवहार कसा चालतो मला माहीत नव्हतं, खात्याचं कार्ड माझ्याकडे नव्हतं, किल्ली कुठल्या खिळ्याला असते तेही नव्हतं माहीत. निवृत्तीचा फोन येऊन गेला होता, मी तो घेतला नाही. त्याला आणि मुक्ताला संध्याकाळी सांगणार होते. दिवाळी पंधरा दिवसांवर आली होती, दुकानांसमोर आकाशकंदील लागले होते. भाऊबीजेला मी आता घरीच असणार होते.